बावन्न वजा सत्तावीस

मार्च लागला की दौलताबादच्या परिसरात शाळा सकाळच्या होतात. किल्ल्याचा खडक नऊ-दहालाच तापू लागतो, चिंचा झोडून झालेल्या असतात आणि दुसरीचे वर्ग वर्षातल्या शेवटच्या मोठ्या मुक्कामाला येऊन पोचलेले असतात. हा मुक्काम म्हणजे दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी. त्याच सुमारास घड्याळ, नाणी-नोटा, मीटर-लीटर, पाढे हेही चालू असते. पण ते सारे पुढल्या वर्षी पुन्हा भेटते. वजाबाकीचे तसे नाही. तिसरीत तीन अंकी वजाबाकी येते ती दोन अंकी झालेली आहे असे धरूनच. ज्या मुलाची ती झालेली नाही, त्याच्यासाठी कोणी मागे थांबत नाही.

आणि अशी मुले थोडी नाहीत. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत मुलांना जी वजाबाकी दिली जाते ती हीच, दुसरीच्या पातळीची, दोन अंकी आणि हातच्याची. २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी ती करू शकणारी मुले ३३.७ टक्के होती. २०२२मध्ये हाच आकडा २५.९ होता, म्हणजे सुधारणा झाली हे खरे. तरी तिघांपैकी दोघांना ती येत नव्हती हेही खरे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी आणि ९९९ पर्यंत संख्यांचे वाचन-लेखन अपेक्षित धरले आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. प्रश्न असा, की मूल नेमके अडते कुठे?

फळ्यावर ५२ − २७ हे उदाहरण उभ्या मांडणीत लिहून द्या. वर्गातल्या बऱ्याच पाट्यांवर ३५ हे उत्तर दिसेल. असे उत्तर आले की आपण ‘हातचा घ्यायला विसरला’ असा शेरा मारून मोकळे होतो. मुलाने काय केले ते पाहा. एककाच्या घरात त्याला २ आणि ७ दिसले. दोनातून सात जात नाहीत. पण सातातून दोन जातात, म्हणून त्याने ५ लिहिले. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, ३ लिहिले. मोठ्यातून लहान वजा करायचे हा नियम त्याला पहिलीपासून सांगितलेला आहे आणि तो त्याने दोन्ही घरांत प्रामाणिकपणे पाळला आहे. त्याच्या दृष्टीने हे एक उदाहरण नसून शेजारी-शेजारी मांडलेली दोन लहान उदाहरणे आहेत. ५२ ही एक संख्या आहे, तिच्यातला ५ म्हणजे पन्नास आहे आणि त्या पन्नासातले दहा सुटे करून दोनाच्या मदतीला आणता येतात, हे त्याला दिसतच नाही. तेव्हा जो हातचा आपण शोधतो आहोत तो वजाबाकीत हरवलेला नाही. तो आधीच, संख्येच्या ओळखीतच, सुटलेला आहे.

ही ओळख मराठी मुलाला जरा जास्तच कष्टाने करून घ्यावी लागते. याचे कारण आपल्या संख्यानामांत आहे.

‘बावन्न’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा आधी ‘बा’ येतो, म्हणजे दोन. मग ‘वन्न’, म्हणजे पन्नास. लिहिताना मात्र आधी ५, मग २. ऐकण्याचा क्रम उजवीकडून डावीकडे आणि लिहिण्याचा डावीकडून उजवीकडे. मोठ्यांना याची जाणीवही राहत नाही, कारण आपण ‘बावन्न’ ऐकतो आणि ५२ हे चित्र एकदम डोळ्यांपुढे येते. सात वर्षांच्या मुलाला ते चित्र तुकड्या-तुकड्याने जुळवावे लागते. एखाद्याला ‘पंचाहत्तर’ सांगा आणि वहीकडे न पाहता त्याच्या हाताकडे पाहा. काही मुले आधी ५ लिहितात, डावीकडे जागा सोडून. मग त्या जागेत ७ बसवतात. वहीत ७५ बरोबर दिसते, आपण बरोबरची खूण करतो. पण हेच मूल फोनच्या कळा दाबू लागले की ५७ उमटतात, कारण तिथे मागे जाऊन जागा भरता येत नाही.

क्रम उलटा, एवढ्यावरही भागत नाही. शब्दांचे तुकडे ओळखू येतील असे राहिलेले नाहीत. एकट्या सहाची रूपे पाहा: सोळा, सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. यात ‘सहा’ स्पष्ट ऐकू येतो तो एका सहासष्टात. तीनही कधी ‘ते’ (तेवीस), कधी ‘त्रे’ (त्रेपन्न), कधी ‘त्र्या’ (त्र्याहत्तर). पन्नासाचे ‘वन्न’ होते, मध्येच ‘पन्न’ होते. सत्तरचे ‘हत्तर’, नव्वदचे ‘ण्णव’. सदतीस आणि अडतीस, सदुसष्ट आणि अडुसष्ट यांत तर दोनच अक्षरांचा फरक, तोही घाईत बोलताना नाहीसा होणारा. थोडक्यात, शंभरापर्यंतची नावे मराठी मुलाला जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्दांसारखी पाठ करावी लागतात.

त्यातही खास आहेत ती ‘एकोण’ची नावे. एकोणवीस म्हणजे वीसला एक उणा. अशी एकोणवीस ते एकोणनव्वद आठ नावे आहेत, आणि मग ऐन शेवटी नियम मोडून ‘नव्याण्णव’ येते. एकोणसाठ म्हटले की मुलाच्या कानात ‘साठ’ घुमते आणि ते ६१ लिहून ठेवते, कधी ६९. त्याचा दोष म्हणावा असे यात काही नाही. ज्या संख्येच्या नावात साठ आहे तिच्या लेखनात सहाचा पत्ता नाही. एका परीने ही गंमतच आहे, की वजाबाकी शिकण्याच्या कितीतरी आधीपासून मूल मोजताना आठ वेळा वजाबाकीची नावे उच्चारत असते. हे त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच. शंभराचा तक्ता दहा-दहाच्या ओळींत मांडला, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी वीस, तीस, चाळीस येतात आणि त्यांच्या अगदी डाव्या हाताशी एकोणवीस, एकोणतीस, एकोणचाळीस बसलेले दिसतात. ‘वीसच्या घरी जायला एक कमी पडला’ हे तेथे बोट ठेवून दाखवता येते.

ही नावे आली कोठून? संस्कृतातून. एकविंशतीचे एकवीस झाले, द्वापंचाशतचे बावन्न, एकोनविंशतीचे एकोणवीस. दौलताबादेत हे सांगताना गावाच्या जुन्या नावाचीच आठवण होते. दौलताबाद होण्यापूर्वी ही देवगिरी होती, यादवांची राजधानी. लीलावती हा अंकगणिताचा प्रसिद्ध ग्रंथ ज्यांचा, त्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा इ. स. १२०७चा शिलालेख पाटणला आहे, डॉ. भाऊ दाजी यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे आणि शेवटचा मराठीत. गणिताच्या शिकवणुकीसाठी सोय केल्याची इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट नोंद आपल्या प्रदेशात आहे, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे.

त्या काळच्या पंडितांना एकक आधी बोलण्याची अडचण वाटत नसे. त्यांची तर ती रीतच होती. श्लोकात संख्या गोवायची असली की अंकांसाठी सांकेतिक शब्द वापरत आणि ते एककापासून सुरू करून डावीकडे नेत. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष असेच दिले आहे. रस म्हणजे ६, गुण म्हणजे ३, पूर्ण म्हणजे ०, मही म्हणजे १. शब्द या क्रमाने येतात. अंक लिहायचे ते उजवीकडून डावीकडे. १०३६ होतात. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४. ज्याला रीत ठाऊक आहे त्याला यात काहीच अवघड नाही. आपल्या दुसरीच्या मुलाला मात्र अर्धी रीत (बोलण्याची) वारशाने मिळते आणि अर्धी (लिहिण्याची) पाटीवर, आणि या दोन्ही उलट दिशांना जातात हे सांगायचे राहून जाते.

दौलताबादेत आणि आसपास दखनी-उर्दू बोलणारी मुलेही बरीच आहेत. त्यांची अडचण वेगळी नाही. इक्कीस, बाईस, पच्चीस ही नावेही त्याच घराण्यातली. तीही एककापासून सुरू होतात, आणि उन्नीस-उनतीसमधला ‘उन’ म्हणजे आपलाच उणा. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तरी तिच्यातही दशकाचा अंक डावीकडेच असतो. म्हणजे शब्द एका दिशेने वाचत आलेल्या मुलाला आकडा भेटताच डोळा उलट फिरवावा लागतो. पण गाव सोडून थोडे दक्षिणेला गेलो की चित्र बदलते. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात: इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. तेलुगूतही आधी वीस, मग एक. तिथले मूल जसे ऐकते तसे लिहिते.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडलेला आहे. जर्मन भाषेत त्रेपन्नला ‘तीन आणि पन्नास’ म्हणतात आणि तिथल्या शिक्षकांचीही हीच तक्रार असते. नॉर्वेत पूर्वी अशीच पद्धत होती. टेलिफोन आले, मध्यस्थ कार्यालयाला तोंडी क्रमांक सांगताना एकक-दशकाची अदलाबदल होऊन चुकीचे जोड लागू लागले. अखेर तिथल्या संसदेने निर्णय घेतला आणि १ जुलै १९५१पासून शाळांत व सरकारी कामात ‘वीस-एक’ ही रीत लागू झाली. जुनी रीत तरीही घराघरांत टिकून राहिली, अजूनही ती ऐकू येते. चेक भाषेची गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. त्या भाषेत पंचवीसला ‘पाच-वीस’ आणि ‘वीस-पाच’ अशी दोन्ही नावे चालतात. सात वर्षांच्या आसपासच्या चेक मुलांना संशोधकांनी दोन्ही प्रकारे संख्या सांगून लिहायला लावल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्याच मुलांच्या चुका ‘पाच-वीस’ पद्धतीत जास्त झाल्या, आणि त्यांत अंकांच्या अदलाबदलीच्या चुका ठळक होत्या. मूल तेच, संख्या तशाच, लिपी तीच. फरक फक्त नावाचा.

महाराष्ट्रात २०१९च्या जूनमध्ये जो वाद पेटला तो याच मुद्द्यावर. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसचे ‘वीस एक’, त्रेपन्नचे ‘पन्नास तीन’ असेही वाचन दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. (त्यांचे १७ जुलै २०२३ रोजी निधन झाले.) जोडाक्षरांनी भरलेल्या आणि उलट्या क्रमाच्या नावांमुळे मुलांना गणिताची नावड उत्पन्न होऊ नये, असे त्यांचे साधे म्हणणे होते. त्यावर वर्तमानपत्रांत, घरोघरी आणि विधिमंडळातही चर्चा झाली. चर्चेपेक्षा थट्टाच जास्त झाली म्हणा. भाषा बिघडेल, बाजारात मुलांना हसतील, असे आक्षेप आले. वास्तविक जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती. नवे वाचन त्यांच्या जोडीला होते.

मला विचाराल तर बावन्न, त्रेपन्न ही नावे जावीत असे मुळीच वाटत नाही. ती बाजारात आहेत, म्हणींत आहेत, आजीच्या बोलण्यात आहेत. ती मुलाला यायलाच हवीत. पण ‘पन्नास तीन’ म्हणण्यात भाषेचा अपमान कसा होतो तेही कळत नाही. आपल्या जुन्या उजळणीत काय म्हणत? ‘एकावर एक अकरा, एकावर दोन बारा.’ म्हणजे नाव आणि लेखन यांतली दरी पंतोजींनाही दिसत होती आणि त्यांनी ती आपल्या परीने बुजवली होती. ‘पाचावर तीन त्रेपन्न’ म्हणणारे मूल लिहायला चुकत नाही. त्या घोषात उणीव एवढीच, की पाच हा पन्नास आहे हे त्यातून कळत नाही. ‘पन्नास तीन’ ने ते कळते. तेव्हा काही दिवस तिन्ही एका दमात म्हणायला हरकत नसावी: पाचावर तीन, पन्नास तीन, त्रेपन्न.

आता वजाबाकीकडे वळू. साहित्य विकत आणण्याची गरज नाही. या दिवसांत चिंचोके घरोघरी असतात आणि तुरी काढून झाल्याने तुराट्याही हव्या तितक्या मिळतात. तुराट्यांचे बोटाएवढे तुकडे करून मुलांकडूनच दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधून घ्यावेत. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुटे तुकडे. यातून सत्तावीस काढून दे, असे एखाद्याला सांगावे आणि आपण गप्प बसावे. मूल दोन गठ्ठे उचलून देते. मग सात सुटे द्यायचे; जवळ आहेत दोनच. इथे ते थांबते, इकडे-तिकडे पाहते, आणि बहुधा कोणी न सांगता एका गठ्ठ्याची गाठ सोडू लागते. ती गाठ सोडणे म्हणजे हातचा. मुलाने ती स्वतःच्या बोटांनी सोडली पाहिजे. गुरुजींनी सोडून दाखवली तर निम्मा उपयोग गेला. आता सुटे बारा झाले, सात दिले, पाच उरले. आणि न सोडलेले दोन गठ्ठे. पंचवीस. पाटीवरचा ५ खोडून ४ करणे आणि २ च्या जागी १२ लिहिणे, ही या कृतीची नोंद आहे. कृती आधी, नोंद नंतर.

येथे शब्दाविषयी थोडे. ‘शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा’ असे आपण सर्रास सांगतो. उसने घेतलेले परत करावे लागते हे मुलाला घरी शिकवलेले असते, त्यामुळे ‘परत कधी द्यायचा?’ असा प्रश्न एखादे चौकस मूल विचारते, आणि तो रास्त असतो. शिवाय घेताना ‘एक’ म्हणायचे आणि पोचताना त्याचे दहा होतात, ही जादू कशी? त्यापेक्षा ‘सुटे करणे’ हा शब्द चांगला. दहाची नोट सुटी करून आणायला मुलाला दुकानात पाठवलेले असते. नोट मोडली तरी पैसे तेवढेच राहतात हे ते जाणते.

घरी मात्र वेगळाच प्रकार होतो. आजोबा किंवा आजी हेच उदाहरण असे सोडवतात: ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक; दोन नि एक तीन; पाचातून तीन गेले दोन.’ उत्तर पंचवीसच. पण शाळेत वरच्या पाचाचे चार केले होते आणि आजोबांनी तर वरच्या पाचाला हात न लावता खालच्या दोनाचे तीन केले. मूल गोंधळते, आणि कधी दोन्ही एकदम करून १५ आणते. आजोबांची रीत चुकीची नाही; ती निराळ्या तत्त्वावर उभी आहे. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले आणि खालच्या संख्येतही एक दशक मिळवला, तर दोघांमधला फरक तसाच राहतो. भाऊ बारा वर्षांचा आणि बहीण सात वर्षांची असेल, तर अजून दहा वर्षांनी बावीस आणि सतरा. भाऊ तेव्हाही पाचच वर्षांनी मोठा. हे उदाहरण मुलांना चटकन पटते. पटत नाही ते ‘हातचा एक’ हे नुसते शब्द.

या दोन रीतींत कोणती बरी, याचा तपास ब्राऊनेल आणि मोझर या अमेरिकी अभ्यासकांनी केला आणि १९४९मध्ये प्रसिद्ध केला. गठ्ठा सोडण्याची रीत कारण समजावून शिकवली तेव्हा ती सरस ठरली. दोन्ही नुसत्या यांत्रिकपणे शिकवल्या, तर ती आजोबांच्या रीतीपुढे सरस ठरली नाही. म्हणजे समजावून सांगायला सवड नसेल तर शाळेच्या रीतीचा फारसा फायदा नाही, असाही याचा अर्थ होतो. पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याच्या मार्चमधल्या घाईत हे लक्षात राहिलेले बरे.

तिसरी एक रीत आहे, ती पुस्तकात क्वचितच असते. हंगामात किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळांच्या, पेरूंच्या पाट्या मांडून विक्रेते बसतात. सत्तावीस रुपये झाले आणि गिऱ्हाइकाने बावन्न दिले, तर विक्रेता वजाबाकी करीत नाही. तो सत्तावीसपासून वर चढतो: तीन दिले तीस झाले, वीस दिले पन्नास झाले, वर दोन, पंचवीस परत. आईबापांजवळ पाटीवर बसणाऱ्या मुलांना हे बघून-बघून येते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या, ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. धंद्यात विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर केले. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिल्यावर ३७ टक्के. पाचच मुले, असे म्हणून कोणी हे बाजूला ठेवील. पण २०२५मध्ये कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि तिचाही सूर तोच निघाला. बाजारातले अवघड व्यवहार तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीच्या वजाबाकीत आणि भागाकारात अडली. तेवढेच लक्षणीय हे, की बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले उलट बाजाराच्या हिशेबात अडली. पाटीवर बसणारे मूल वर्गात ३५ हे उत्तर देते तेव्हा त्याला वजाबाकी येत नाही असे समजणे घाईचे होईल. ‘सत्तावीसचे पेरू, बावन्न रुपये दिले, परत किती?’ असे त्याला विचारून पाहावे. उत्तर बरोबर आले, तर तेच आकडे फळ्यावर मांडून ‘आता हे जुळते का?’ असे त्यालाच ठरवू द्यावे. पस्तीस परत दिले तर दुकान बुडेल, हे ते आपल्याआधी सांगेल.

वर्षाअखेरीच्या चाचणीत या सगळ्याचा सुगावा लागेल असे फारसे काही नसते. दहापैकी सहा गुण म्हणजे नेमके काय येते आणि काय येत नाही? प्रत्येक मुलाबरोबर पाच मिनिटे मिळाली तर थोडे अधिक कळते. सोळा चिंचोके मोजायला द्यावेत, १६ हा आकडा लिहायला सांगावा, मग ६ वर बोट ठेवून ‘हे यातले कोणते?’ असे विचारावे. मूल सहा चिंचोके बाजूला काढते. मग १ वर बोट ठेवून तेच विचारावे. पुष्कळ मुले एकच चिंचोका उचलतात, आणि उरलेल्या नऊ चिंचोक्यांचे काय, याचे त्यांना नवल वाटत नाही. कॉन्स्टन्स कामी यांनी अमेरिकेत ही परीक्षा अनेक मुलांवर केली; वरच्या इयत्तांतही एकच नग दाखवणारी मुले त्यांना आढळली. ज्याने एक चिंचोका उचलला त्याच्याकडून आणखी पन्नास वजाबाक्या करून घेण्यात अर्थ नाही. त्याला गठ्ठे बांधण्यापासून पुन्हा घ्यावे लागेल. ज्याने दहा उचलले पण ५२ − २७ चे उत्तर ३५ काढले, त्याला गाठ सोडण्याचा अनुभव हवा आहे. आणि जो एकोणसाठ ऐकून ६१ लिहितो, त्याचे गणित कदाचित ठीकच असेल. त्याची अडचण नावाची आहे.

ही तीन निरनिराळी मुले आहेत, पण प्रगतिपत्रकात तिघांपुढेही एकच श्रेणी लिहिली जाते. तेव्हा निकालाच्या कागदासोबत तिसरीच्या बाईंना किंवा गुरुजींना प्रत्येक मुलामागे एका ओळीची चिठ्ठी देता आली तर पाहावे: चिंचोका एक की दहा, बावन्न वजा सत्तावीस कसे केले, पंचाहत्तर लिहिताना हात कोणत्या अंकापासून सुरू झाला. चाळीस मुलांच्या वर्गाला या कामासाठी सकाळच्या शाळेचे तीन-चार दिवस पुरतात.

तुराट्यांचे गठ्ठे मात्र सुट्टीपूर्वी सोडून सगळे तुकडे एका पोत्यात भरून ठेवावेत. जूनमध्ये ते पुन्हा बांधण्याचे काम तिसरीत गेलेल्या याच मुलांना द्यावे. कोण दहा मोजून बांधतो आणि कोण अंदाजाने मूठ भरतो, हे पहिल्या तासालाच दिसते.